चप्पल पायातून निसटते तेव्हा : पायाच्या नसांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत पायांची पत्रं बरीच आहेत, म्हणून हा अंक पायांनाच देते. एकतीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवली. त्यात मला सगळ्यात आवडायचा तो कमरेपासून तळव्यापर्यंतचा नसांचा रस्ता. उपचार ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. दुखतंय तिथेच का दुखतंय, हे समजायला रस्ता ठाऊक असावा लागतो, आणि तो मला दाखवता येतो.

शब्दाचा एक घोळ आधी सोडवू. आपण ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दात तीन वस्तू बसवतो : रक्त वाहणारी नळी, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी आणि मेंदूचे निरोप नेणारा मज्जातंतू. रात्री पोटरीत गोळा आला की ‘नस चढली’ म्हणतो, पण तिथे आखडलेला असतो स्नायू. खाली मी नस म्हणेन ती फक्त मज्जातंतू.

प्रश्न : माझी जाऊ चौतीस वर्षांची आहे. आमच्याकडे निफाड तालुक्यात कांद्याच्या लागणीला ती टोळीबरोबर जाते. चार दिवस सलग काम झालं आणि पाचव्या दिवशी सकाळी उठली तर उजवं पाऊल उचलेना. दुखत काहीच नाही. चालताना पाऊल फटकन आपटतं, चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही. घरात कुणी लकवा म्हणतंय, कुणी बाहेरचं म्हणतंय. काय करावं?

ताई, तुमचं पत्र सगळ्यात वर ठेवलं, कारण यात दिवस वाया जाऊ नयेत. हा मेंदूचा लकवा असण्याची शक्यता फार कमी वाटते. त्यात बहुतेकदा त्याच बाजूचा हातही ढिला पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. तसं काही असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आत्ता दवाखाना गाठा. आणि ‘बाहेरचं’ तर नाहीच. जे झालंय ते गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बोटभर जागेत झालं असावं.

ती जागा आधी तुम्ही स्वतःच्या पायावर शोधा. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरासा खाली, सुपारीएवढा टणक उंचवटा हाताला लागेल. नडगीच्या शेजारी जे बारीक हाड असतं, फिब्युला, त्याचं ते डोकं. बोट उंचवट्याच्या मागून हळूच खाली आणा आणि आडवं फिरवा. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सरकेल, जरा जोर दिलात तर पावलाच्या वरच्या भागात झिणझिणेल. हीच ती नस, कॉमन पेरोनिअल. फिब्युला म्हणजे लॅटिनमध्ये कपडे अडकवायची टाचणी आणि ग्रीकमधल्या ‘पेरोने’चा अर्थही तोच, म्हणून हाडाचं नाव एक आणि नसेचं दुसरं. नव्या पुस्तकांत तिला कॉमन फिब्युलर म्हणतात.

पायातल्या बाकीच्या मोठ्या नसा स्नायूंच्या गादीखाली झाकून जातात. ही एकटी हाडाच्या मानेला वळसा घालते आणि तिथे तिच्या वर कातडी आणि थोडी चरबी सोडून काही नसतं. माणूस उकिडवा बसला की गुडघा पूर्ण मिटतो, नस हाडावर ताणली जाते आणि शेजारच्या स्नायूची कडा तिच्यावर दाबून बसते. पाच-दहा मिनिटांत फक्त मुंग्या येतात. पण लागणीचं काम उक्तं असतं, एकराच्या हिशेबाने पैसे. बाया वाफ्यात बसल्या की उठत नाहीत, बसल्या बसल्याच पुढे सरकतात. तासन् तास नसेचा रक्तपुरवठाही दबलेला राहतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या दुखण्याला ‘स्ट्रॉबेरी वेचणाऱ्यांचा लकवा’ असं नाव आहे. आमच्या कांदा लावणाऱ्या बायांचं नाव त्याला कुणी दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

ही नस निरोप नेते ते पाऊल वर उचलणाऱ्या, बोटं वर करणाऱ्या आणि पाऊल बाहेर वळवणाऱ्या स्नायूंना. म्हणून पाऊल लटकतं, आणि ते जमिनीला अडखळू नये म्हणून गुडघा उंच उचलून चालावं लागतं. संवेदना जाते ती नडगीच्या बाहेरच्या बाजूची आणि पावलाच्या वरची. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात, जिथे चपलेचा पट्टा बसतो, तेवढीच चिमूटभर जागा या नसेच्या खोल फांदीची. निसटलेली चप्पल कळत नाही ती यामुळे.

आता जाऊबाईंना बसवून पाऊल आत, म्हणजे तळवा दुसऱ्या पायाकडे वळवायला सांगा. तुमच्या हाताच्या विरोधात ते जोरात वळत असेल तर बिघाड गुडघ्यापाशीच असण्याची शक्यता वाढते, कारण ते काम मुख्यतः दुसरी नस करते. तेही जमत नसेल किंवा कंबरेतून कळ येत असेल, तर मूळ मणक्यात शोधावं लागेल.

आणखी एक गोष्ट बघा, आणि ती बघताना लाजू नका. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का? ती सुतळी दुसऱ्या पायापेक्षा जाड आणि दुखरी लागते का? कुष्ठरोगाचे जंतू ज्या नसांत घर करतात त्यांत ही पुढे आहे. आपल्याकडे पाऊल लटकलं की हा विचार केलाच पाहिजे. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू केली तर पाय वाचतो.

उकिडवं बसल्यामुळे झालं असेल तर बहुतेक बाया बऱ्या होतात. नसेचं नुसतं वेष्टण दबलं असेल तर काही आठवडे ते दोन-तीन महिने. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या चालीने वाढतात, म्हणजे १० सेंटिमीटरला तीन महिन्यांहून जास्त. तोवर पाऊल काटकोनात धरणारी पट्टी वापरायची, नाहीतर टाच आखडते. घोटा रोज हाताने वर-खाली हलवायचा. पाऊल बधिर आहे, तेव्हा चुलीजवळ आणि अनवाणी जपून. तपासणीत एनसीव्ही सांगतील, म्हणजे नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणं. स्नायूत सुई घालून करायची ईएमजी साधारण तीन आठवड्यांनी जास्त स्पष्ट बोलते. आणि बरं वाटेपर्यंत उकिडवं बसणं बंद. पुढच्या लागणीला बसायला लहान पाट न्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्या जणी उभ्या राहा. एकटीने उठलं तर मुकादम बोलतो, सगळ्या उठल्या तर बोलत नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, वय ४६. दीड महिना डाव्या पोटरीच्या बाहेरून कळ जाते, अंगठा बधिर आहे. कंबर जवळजवळ दुखतच नाही. तरी डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय काढला आणि ‘एल-४ एल-५’ला गादी सरकलीय म्हणाले. शेजारी म्हणतात मणक्यात गॅप आलाय. दुखतो पाय आणि फोटो कंबरेचा, हे मला पटत नाही. रोज पोटरीला तेल चोळतो, फरक नाही.

दादा, फोटो बरोबर जागेचा आहे. पुण्याहून निघालेलं पत्र वाटेत लोणावळ्याला कुणी चुरगाळलं, तरी त्यावरचा शिक्का पुण्याचाच राहतो. मेंदू शिक्का वाचतो. अंगठ्याकडून येणारी नस कंबरेत दाबली गेली तरी त्याच्या लेखी निरोप अंगठ्याचा असतो. म्हणून कळ पायात आणि दाब मणक्यात. पोटरीवरचं तेल तिथवर पोचत नाही.

कमरेच्या चौथ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या तिसऱ्या भागापर्यंत नसांची पाच मुळं बाहेर येतात. ओटीपोटाच्या पोकळीत ती एकत्र होतात आणि त्यांची जी एक नस बनते ती सायटिक, शरीरातली सगळ्यात जाड. सुरुवातीला ती सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते, अंगठ्यासारखी, पण चपटी. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखालून, आपण बसतो ते हाड आणि मांडीच्या बाहेरचा उंचवटा यांच्या मधून ती मांडीत उतरते. गुडघ्याच्या वर, मांडीच्या मागे तिच्या दोन फांद्या होतात. एक पोटरीतून आतल्या घोट्याच्या मागून तळव्यात जाते, ती टिबिअल. दुसरी निफाडच्या ताईंच्या उत्तरात आली तीच.

‘एल-४ एल-५’ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी एल-५चंच मूळ का पकडते, हे माझे विद्यार्थी दर वर्षी चुकायचे. चाळीचा जिना डोळ्यांपुढे आणा. चौथ्या क्रमांकाचा माणूस गादीच्या पातळीच्या वरच दार उघडून बाहेर पडतो. पाचव्या क्रमांकाचा मात्र अजून जिन्यातच असतो, त्याला पुढच्या खालच्या दारातून निघायचंय. गादी जिन्यात घुसते तेव्हा तिच्यापुढून जाणारा तोच सापडतो. गादीला बाहेर चिवट कडं आणि आत मऊ गर असतो. मागच्या बाजूला मधोमध एक मजबूत पट्टा तिला धरून ठेवतो, पण कडेला तो तोकडा पडतो. गर बाहेर येतो तो बहुधा तिथूनच, आणि मुळाचा रस्ताही नेमका तिथेच. ‘गॅप’ हा शब्द मात्र सोडून द्या. दोन मणक्यांत फट पडलेली नसते, उलट बऱ्याचदा तिथलं अंतर कमीच झालेलं असतं.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये ‘गृध्रसी’ आहे. कुल्ल्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असा ओळीने उतरणारा हा त्रास, असं त्यात म्हटलंय. ते वर्णन मी वर्गात वाचून दाखवायचे, कारण रस्ता बरोबर आहे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली हे दुखणं नसेचं आहे असं मांडलं. आणि सरकलेली गादी मूळ दाबते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली शस्त्रक्रियेतल्या रुग्णांवरून दाखवलं. म्हणजे जेमतेम नव्वद वर्षं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘पाय दुखतो’ एवढंच सांगू नका. एका बोटाने कळेची रेघ वरून खालपर्यंत ओढून दाखवा. पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वर, अंगठ्याकडे गेली तर बहुधा एल-५. पोटरीच्या मागून टाचेला, करंगळीला गेली तर एस-१, म्हणजे त्रिकास्थीचं पहिलं मूळ. नडगीच्या आतल्या बाजूने घोट्याकडे गेली तर एल-४. टाचांवर चार पावलं चालून बघा, मग चवड्यांवर. टाचांवर पाऊल टिकत नसेल तर एल-५चा जोर कमी झालाय, चवड्यावर उचलता येत नसेल तर एस-१चा.

असं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतरतं. बाहेर आलेला गर हळूहळू आक्रसतोही. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी मधून मधून उभे राहा, बसण्यात गादीवरचा दाब वाढतो. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेची कातडी बधिर झाली, दोन्ही पायांत जोर कमी झाला, यातलं काहीही घडलं तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. सकाळची वाट बघायची नाही. पाऊल दिवसागणिक लटकत चाललं तरी तातडीने जा.

प्रश्न : मी सुरक्षारक्षक आहे. बारा तास कमरेला घट्ट पट्टा असतो. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, पँटचा स्पर्शही नको होतो. ताकद ठीक आहे. हाही सायटिकाच का?

नाही. जांघेच्या वर, पुढे हाडाचं टोक लागतं, त्याच्या जवळून फक्त कातडीची संवेदना नेणारी एक नस मांडीत उतरते. पट्टा, घट्ट जीन्स, सुटलेलं पोट किंवा गरोदरपण यांमुळे ती तिथे दबते. तिच्याकडे एकही स्नायू नाही, म्हणून ताकद जात नाही. मांडीवर आगीची सीमा पेनाने आखून बघा. ती बाहेरच्या बाजूला राहिली, गुडघ्याखाली गेली नाही, तर बहुधा हेच. पट्टा ढिला करा, चालत असेल तर खांद्यावरून येणारे पट्टे वापरा, वजन उतरवा. साखरही तपासून घ्या. एवढ्याने आग शमली नाही तर डॉक्टर तिथे इंजेक्शन देतात.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, अंगाने बारीक. ताप आला की गावातले डॉक्टर कुल्ल्यावर इंजेक्शन देतात. सासूबाई म्हणतात, त्याने पाय जातो. खरं आहे का?

सासूबाई म्हणतात ते होऊ शकतं, ताई. ते मी माझ्या घरात पाहिलंय. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. तापात त्याला एका कंपाउंडरने आईच्या मांडीवर पालथं घालून सुई टोचली. भाऊ रडला नाही, किंचाळला. ‘पायात वीज गेली,’ असं तो नंतर सांगायचा. दुसऱ्या दिवशी पाऊल लटकलं. वडील त्याच्या डाव्या बुटाला स्प्रिंग लावून आणायचे आणि तो बूट पुढून घासून दर तीन महिन्यांनी फाटायचा. पाऊल पूर्ण कधीच उठलं नाही. शरीररचना हा विषय मी घेतला तो त्याच्यामुळे.

कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, उभी एक रेघ आणि आडवी एक. सायटिक नस जाते ती खालच्या, आतल्या बाजूने. वरचा बाहेरचा चौथा भाग तेवढा तिच्यापासून लांब. बारीक मुलात मात्र कुल्ल्यावर मांस इतकं कमी आणि अंतरं इतकी लहान की सुई बोटभर चुकली तरी नस सापडते. नसेच्या दोन भागांपैकी पाऊल उचलणारा भाग बाहेरच्या अंगाला असतो, त्याच्या तंतूंभोवती मऊ अस्तर कमी असतं आणि तो वर-खाली दोन जागी आवळलेला असतो. मार तोच आधी खातो, म्हणून इजा कुल्ल्यात आणि लटकतं पाऊल.

सरकारी लसीकरणात बाळांना पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, ते याचसाठी. तिथे मांस असतं आणि मोठी नस नसते. पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : तोंडाने औषध चालणार नाही का? आणि द्यायचंच असेल तर मांडीत देता येईल का? चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. सुई टोचताच मूल पाय झटकून किंचाळलं तर लगेच ‘थांबा’ म्हणा, औषध आत जाण्याआधी सुई काढू द्या. मुलाला घट्ट धरा, हलू देऊ नका, पण तोंड दाबू नका. ती किंकाळी ऐकू यायला हवी.

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएस पहिल्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातून आले. डिसेक्शनला पुढच्या आठवड्यात कुल्ला आहे. मांडीच्या पुढची फिमोरल मला सापडली, पण सायटिक भागातली नावं गोळा होतात. कुठून सुरुवात करू?

फिमोरल सापडली म्हणजे तुला जांघेतला क्रम कळलाय : बाहेरून आत आधी नस, मग धमनी, मग नीला. धमनी आणि नीला एका म्यानात आहेत आणि फिमोरल म्यानाबाहेर आहे, हे स्वतःच्या बोटाने एकदा पुन्हा बघ. तिची लांब फांदी, सॅफेनस, आतल्या घोट्यापर्यंत सोडव. गुडघ्याखाली फिमोरलचं तेवढंच राज्य आहे, बाकी सगळं सायटिकचं. मांडी जवळ घेणारे आतले स्नायू ऑब्चुरेटरकडे. तीच नस खुब्याच्या आणि गुडघ्याच्या दोन्ही सांध्यांना फांद्या देते. म्हणून एखादं लहान मूल गुडघा दुखतो म्हणून आलं तर तू खुबाही तपासशील.

कुल्ल्यात ग्लुटिअस मॅक्सिमस, म्हणजे कुल्ल्याचा मोठा स्नायू, त्याच्या उगमाकडे उलटव, पण घाई करू नकोस. खालून त्यात शिरणारी रक्तवाहिनी आणि नस ओढली जाते. मग नावं पाठ करायचं थांबव आणि एकच स्नायू शोध, पिरिफॉर्मिस. तो त्रिकास्थीतून निघून आडवा मांडीच्या हाडाच्या उंचवट्याकडे जातो. त्याच्या वरून निघतात त्या सुपीरिअर ग्लुटिअल, खालून निघतात त्या बाकीच्या सगळ्या : इन्फीरिअर ग्लुटिअल, प्युडेंडल, मांडीच्या मागची कातडीची नस आणि सायटिक. तुझ्या टेबलावर सायटिकचा बाहेरचा भाग पिरिफॉर्मिसच्या मधून निघालेला दिसला तर गोंधळू नकोस. साधारण दहातल्या एका शरीरात तसं असतं. बाकीच्या टेबलांना हाक मारून दाखव.

पिरिफॉर्मिसची खालची कड सापडली की स्काल्पेल खाली ठेव. तिथून पुढे चरबी बोटानेच बाजूला सार, मांडीच्या दिशेने.